साधी म्हणजे किती साधी?

"साधी गाठ असंल म्हणत्यात. पण साध्या माणसाचाच भरवसा नसतो बघ, विलास."

लिफ्टमध्ये माझ्या मागून आवाज आला. बोलणाऱ्या बाईंच्या हातात स्टीलचा डबा होता आणि त्याची कड माझ्या पाठीला टोचत होती. शेजारी उभा असलेला त्यांचा भाऊ गंभीरपणे म्हणाला, "व्हय अक्का. आपला सरपंच बी साधाच होता."

गाठ कोणाची आणि कुठली, ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशन्समध्ये गाठीचं एकच होतं, फुफ्फुसातल्या गाठीचं. मागे वळून दोन शब्द बोलता आले असते. पण मी दारावरचे मजल्याचे आकडे बघत राहिले. लिफ्टमध्ये मी नेहमी तेच करते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. निगडीतल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात काम करते. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त घेणारी, असं लोकांना वाटतं. रक्त घेणारे वेगळे. ऑपरेशनमध्ये शरीरातून जे काही निघतं ते बेसमेंटमधल्या आमच्या लॅबमध्ये येतं. त्याचे पातळ काप करून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि काय आहे ते लिहायचं, हे माझं काम. हे काम का निवडलं, याचं खरं उत्तर मी इंटरव्ह्यूमध्ये दिलं नव्हतं. स्लाइड उलट प्रश्न विचारत नाही. मी मराठी घरातली, शाळा कॉन्व्हेंटची. अनोळखी माणसाशी कुठल्या भाषेत सुरुवात करावी हे ठरेपर्यंत तो माणूस बहुतेक निघून गेलेला असतो.

आमच्या व्यवसायात आणखी एक सोय आहे. फार ठाम बोलावं लागत नाही. 'सजेस्टिव्ह ऑफ', 'कॅन्सर पूर्णपणे नाकारता येत नाही', 'क्लिनिकली कोरिलेट करावे' अशी वाक्यं तयार असतात. त्यातल्या शेवटच्या वाक्याचा अर्थ, मला जेवढं कळलं तेवढं सांगितलं, आता तुमचं तुम्ही बघा. लाजाळू माणसाला यापेक्षा चांगली भाषा सापडणार नाही.

पेशंटचं नाव सुमन कड. चाकणजवळच्या एका वायरिंगच्या कंपनीत, दुसऱ्या मजल्यावरच्या लाइनवर उभं राहून काम करणाऱ्या. कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे काढला आणि उजव्या फुफ्फुसात खाली एक गोल सावली दिसली. खोकला नाही, ताप नाही, काही नाही. दुसऱ्या एका हॉस्पिटलात सुईने बायोप्सी झाली. सुईतून शेवईएवढा तुकडा येतो. त्या शेवईचा रिपोर्ट होता, 'संशयास्पद. अॅडेनोकार्सिनोमा नाकारता येत नाही.' अॅडेनोकार्सिनोमा हा फुफ्फुसाचा एक नेहमीचा कॅन्सर.

आता अडचण अशी होती. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग असतात, त्यांना लोब म्हणतात. कॅन्सर असेल तर खालचा अख्खा लोब काढायचा. गाठ साधी असेल तर नुसती गाठ काढायची आणि लोब वाचवायचा. एरवी एक लोब गेला तरी माणूस ठीक जगतो. पण सुमनताईंना लहानपणी टीबी होऊन गेला होता. त्यांचं डावं फुफ्फुस बरीच वर्षं अर्ध्या पगारावरच काम करत होतं. उजव्यातला लोब गेला असता तर जिना चढताना दम लागला असता, आणि लाइनवर उभं राहणंही अवघड झालं असतं.

टीबीबद्दल विचारायला मी वॉर्डमध्ये गेले. मला बघताच त्यांनी बाही वर केली आणि हात पुढे केला.

"घ्या. सकाळीच दोन नळ्या नेल्यात. उरलं असंल तर घ्या."

"नाही, मी रक्त घ्यायला नाही आले. मी… गाठ बघणार आहे. उद्या. बाहेर काढल्यावर."

"बाहेर काढल्यावर समदेच बघतील," त्या म्हणाल्या. मग जरा पुढे वाकून हळू आवाजात, "एक सांगू का? तेवढा दम राहू द्या म्हणावं डॉक्टरांना. कामाचं एक सोडा. घरी नणंद ऱ्हाती शेजारी. बोलायला दम पुरला पायजे."

मी मान डोलावली. लिफ्टमधला डबा कोणाचा होता ते आत्ता नीट कळलं.

संध्याकाळी त्यांचे यजमान विलास कड लॅबमध्ये आले. पेशंटच्या नातेवाइकांना बेसमेंटमध्ये यायची परवानगी नाही. ते कसे आले कोण जाणे. ते चाकणच्याच एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे पार्ट ठोकतात तिथे, क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला, होते.

"रिपोर्ट देणाऱ्या मॅडम कुठं हायत?"

"मीच आहे."

त्यांनी माझ्या मागे बघितलं. मागे फ्रिज होता. "न्हाई, मोठ्या मॅडम."

"कुलकर्णी मॅडम रजेवर आहेत. त्यांच्या मुलीचं लग्न आहे उद्या."

"उद्याच?" ते स्टुलावर बसले. "बरं. मला एकच सांगा. साधी गाठ म्हंजी किती साधी? आज साधी हाय, उद्या बिघडली तर?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. पण मला थेट कोणी विचारत नाही, डॉक्टरांना विचारतात. मी टेबलावरची पेनं सरळ केली आणि सांगितलं. साधी गाठ वाढते, पण घर सोडत नाही. कॅन्सर घर सोडून दुसऱ्याच्या घरात शिरतो. फुफ्फुसात साध्या गाठी मुळातच कमी सापडतात, आणि त्यांच्यातही जाती आहेत. हॅमार्टोमा नावाची एक असते. फुफ्फुसाचंच सामान, कूर्चा, चरबी, चुकीच्या जागी गोळा झालेलं. ती जवळजवळ कधीच बिघडत नाही. पॅपिलोमा म्हणून एक असते, श्वासनलिकेत चामखिळीसारखी वाढणारी. तिच्यातल्या काही पुढे खरंच कॅन्सर होतात, म्हणून तिच्यावर डोळा ठेवावा लागतो. आणि काही अगदी दुर्मीळ असतात, ज्या दिसतात कॅन्सरसारख्या पण वागतात साध्यासारख्या. क्वचित त्यांचंही पाऊल बाहेर पडतं.

"क्वचित म्हंजी?"

"फार क्वचित."

"तसं न्हाई मॅडम. आमच्याकडं क्वचित लिवलं तर ऑडिटर फाईल तोंडावर मारतो. पीपीएम सांगा. धा लाखात किती?"

"असा आकडा नाही सांगता येत."

"मग टॅग कंचा लावणार? हिरवा म्हंजी ओके. लाल म्हंजी स्क्रॅप. पिवळा म्हंजी होल्ड, ठरलं न्हाई अजून. एक सांगतो, पिवळा लावू नका. आमच्या शॉपमध्ये पिवळा टॅग लागलेला माल असा पडून हाय की त्याच्या गाडीचं मॉडेल बंद झालं."

मी म्हणाले, "बघते." इतक्या बोलण्यानंतर माझ्याकडे तेवढाच शब्द शिल्लक होता.

ऑपरेशनच्या दिवशी अकराच्या सुमाराला गाठीची डबी खाली आली. ऑपरेशन चालू असतानाच गाठ तपासायची, याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. तुकडा एका मशीनमध्ये गोठवायचा, त्याचे केसापेक्षा पातळ काप घ्यायचे, भराभर रंगवायचे आणि सांगायचं. एरवी याच कामाला दोन-तीन दिवस लागतात. इथे वीसेक मिनिटं मिळतात. वर सर्जन छाती उघडून थांबलेला असतो.

गाठ सुपारीपेक्षा जरा मोठी, गोल, पिवळट, मध्ये रक्ताचे ठिपके. चाकू लावताच आजूबाजूच्या फुफ्फुसातून अलगद सुटून आली, भिजवलेला शेंगदाणा सालीतून सुटावा तशी. हे चांगलं लक्षण. कॅन्सर असा सहजासहजी सुटत नाही. आमचा टेक्निशियन संतोष मशीनशी बोलत बोलत काप घेतो. "चल माझी बाई, आज नाटकं नको." मशीनने त्या दिवशी नाटकं केली नाहीत. पहिली स्लाइड माझ्यासमोर आली.

सगळीकडे झुपके. बोटांसारखे झुपके, त्यांच्यावर पेशींची रांग. याला पॅपिलरी पॅटर्न म्हणतात, आणि अॅडेनोकार्सिनोमाही नेमका असाच दिसू शकतो.

इंटरकॉम वाजला. निंबाळकर सर. आमचे सर्जन. हातात ग्लोव्हज असल्यामुळे ते कायम स्पीकरवर असतात, म्हणजे मी बोलते ते अख्खी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, ऐकते.

"बोला डॉक्टर."

"सर, पॅपिलरी पॅटर्न आहे. पेशी तशा शांत वाटतायत. पण फ्रोझनवर अॅडेनोकार्सिनोमा पूर्णपणे नाकारता—"

"म्हणजे कॅन्सर."

"तसं नाही सर. म्हणजे तसंही असू शकतं. पण—"

"पहिला रिपोर्ट म्हणतो नाकारता येत नाही. तुम्ही म्हणता नाकारता येत नाही. दोन्हीकडून नकार नाही म्हटल्यावर आपल्याकडे लग्न ठरलं समजतात."

मागे कोणीतरी हसलं.

"सर, पाच मिनिटं द्या. दुसऱ्या भागातून एक काप घेते."

"पाचच. भूल काही ओव्हरटाइम करत नाही."

संतोष दुसरा तुकडा गोठवायला लागला. मी कुलकर्णी मॅडमना फोन लावला. मागे सनई आणि 'मुलीचे मामा कुठे आहेत' असा माइकवरचा पुकारा. मी सगळं सांगितलं. स्लाइडचा फोटो पाठवते म्हणाले.

"फोटोवर मी निदान सांगत नाही आणि तूही कधी सांगू नकोस," मॅडम ओरडून म्हणाल्या. ओरडल्या सनईमुळे. "काच तुझ्यासमोर आहे ना? मग झुपके काय बघत बसलीस? झुपक्यांचे देठ बघ. देठात काय आहे? अहो, अक्षता इकडे द्या! देठ बघ आणि तूच सांग."

फोन कट झाला. मला वाईट वाटायलाही वेळ नव्हता.

दुसरी स्लाइड आली. मी देठ बघितले. कॅन्सरच्या झुपक्यात देठ नुसता दोरीसारखा असतो, एखादी रक्तवाहिनी आणि थोडे धागे. इथे देठ भरलेले होते. गोल गोल, एकसारख्या, शांत पेशींनी गच्च. वरच्या रांगेतल्या पेशी वेगळ्या, आतल्या वेगळ्या. एका बाजूला रक्ताची तळी, दुसऱ्या बाजूला घट्ट पांढरा भाग. दोन तऱ्हेच्या पेशी आणि तीन-चार तऱ्हेच्या रचना एकाच गाठीत. पुस्तकात हे चित्र बघितलं होतं. काचेवर पहिल्यांदाच बघत होते. स्क्लेरोसिंग न्यूमोसायटोमा. अगदी दुर्मीळ, साधी, आणि फ्रोझनवर पॅथॉलॉजिस्टना फसवण्याबद्दल बदनाम.

मी पुन्हा पहिली स्लाइड लावली. तिथेही देठ भरलेलेच होते. मी झुपक्यांकडे बघत बसले होते, एवढंच.

इंटरकॉम उचलला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. नंतर कळलं, भूलतज्ज्ञ कॅन्टीनला फोन लावून मिसळ शिल्लक आहे का विचारत होते. सरांच्या मोबाइलवर रिंग जात राहिली. मी संतोषकडे बघितलं.

"मॅडम, पळा," तो म्हणाला.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली होती. मी जिन्याने निघाले. ओटी तिसऱ्या मजल्यावर. आणि जिन्यात कड मंडळी बसलेली. वेटिंग रूममध्ये एसीने सर्दी होते म्हणून ते सगळे जिन्यात आले होते. डबा उघडलेला, वासावरून शेपूची भाजी. मी एप्रन सावरत, "एक्स्क्यूज मी, सॉरी, जरा" असं म्हणत त्यांच्यामधून वर गेले.

मागून अक्कांचा आवाज आला. "डॉक्टरीण पळतीया! अगं बाई, पळतीया म्हंजी काय तरी झालंच!"

मग सगळेच उठले. पुढे मी, मागे विलास कड, त्यांच्यामागे डबा हातात घेतलेल्या अक्का. मी थांबून समजावू शकले असते, पण तेवढा दम नव्हता. दोन्ही फुफ्फुसं धडधाकट असून ही माझी अवस्था. वॉर्डमधलं 'तेवढा दम राहू द्या' त्या क्षणी आठवलं.

ओटीच्या दारात जमिनीवर एक लाल पट्टी असते. तिच्यापलीकडे बाहेरच्या चपला चालत नाहीत. तिथल्या रॅकमधल्या हिरव्या स्लिपर घालायच्या, वर टोपी, मास्क, गाऊन, मग आत. मी पट्टीपर्यंत पोहोचले आणि ओटीच्या सिस्टर आडव्या आल्या.

"मॅडम, चप्पल!"

"सिस्टर, सरांना—"

"चप्पल आधी!"

मी रॅककडे वळले. रॅकमध्ये दोनच स्लिपर उरल्या होत्या. दोन्ही डाव्या पायाच्या.

आतलं दार अर्धवट उघडं होतं, एक ट्रॉली आत जात होती. फटीतून निंबाळकर सर पाठमोरे दिसत होते. त्यांनी बाजूला हात पसरला आणि म्हणाले, "स्टेपलर." हे लोबच्या नळ्या आणि रक्तवाहिन्या बंद करून कापायचं हत्यार. एकदा ते चाललं की लोब परत जोडता येत नाही.

सिस्टरना निरोप देऊन, त्यांनी तो आत पोचवून, आतून 'काय म्हणाल्या?' असा प्रश्न परत येईपर्यंत ते चाललं असतं. मग मी बोलले. पट्टीच्या अलीकडून बोलले, त्यामुळे मोठ्यांदा बोलावं लागलं.

पुढचं आधी सांगते. सर वळले. त्यांनी हात खाली घेतला. दोन प्रश्न विचारले, दोन्हींची मी उत्तरं दिली, शेवटी एकही 'तरीही' न लावता. त्यांनी शेजारचे लिम्फ नोड तपासायला घेतले, म्हणजे आजूबाजूच्या त्या छोट्या गाठी जिथे कॅन्सर आधी पोचतो, आणि छाती बंद केली. लोब जागेवर राहिला. माझ्या मागे जिन्याच्या दारात कड मंडळी उभी होती आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. नियमाप्रमाणे नातेवाइकांना निकाल सर्जन सांगतो, बसवून, पाणी देऊन, हळूहळू. यांना तो पॅथॉलॉजिस्टच्या पाठीमागून मिळाला. अक्कांनी डबा सिस्टरच्या हातात दिला. सिस्टरनी तो चपलांच्या रॅकवर ठेवला.

काही दिवसांनी पक्का रिपोर्ट तयार झाला. खास रंग लावून दोन्ही तऱ्हेच्या पेशी पुन्हा तपासल्या. निदान तेच. लिम्फ नोड स्वच्छ. कुलकर्णी मॅडमनी लग्नाहून आल्यावर स्लाइड बघितल्या, "हं" म्हणाल्या आणि मला लाडू दिला. निंबाळकर सर कॉरिडॉरमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "तुम्हाला आवाज आहे हे हॉस्पिटलला कळवायला हवं होतं." त्याच्या पुढच्या फ्रोझनला मात्र त्यांनी स्वतः थांबून विचारलं, "दुसरा काप बघितलात का?"

टाके काढायला सुमनताई आल्या तेव्हा सरांनी मला ओपीडीत बोलावून घेतलं. विलास कडांनी तोच प्रश्न पुन्हा टाकला.

"आता तरी पीपीएम सांगा."

"नाही सांगता येत. या गाठी इतक्या थोड्या सापडतात की भाग द्यायला पुरेसा आकडाच नाही. बहुतेक जणांत काढली की विषय संपतो. फार थोड्यांत ती लिम्फ नोडपर्यंत गेलेली सापडलीय, आणि त्यातलेही बहुतेक नीट जगले. यांच्या नोडमध्ये काही नाही. पण शून्य मी म्हणणार नाही. म्हणून ठरलेल्या वेळी स्कॅन करायचा."

"म्हंजी हिरवा टॅग, पण ऑडिटला यायचं."

"हो."

"मग ठीक हाय. आमच्या कंपनीत याला चांगला सप्लायर म्हणत्यात."

अक्का म्हणाल्या, "मी तर पयल्यापासून म्हणत हुते, साधीच असणार."

सुमनताईंनी एक मोठा श्वास घेतला. जरा जपून घेतला, पण पूर्ण घेतला. "वन्सं," त्या म्हणाल्या, "आता बसा, आन माझं जरा ऐका." आम्ही डॉक्टर लोक बाहेर आलो. ते बोलणं बराच वेळ चाललं. दम कुठेही तुटला नाही.

या कामातून मी एवढंच शिकले. साध्या गाठीचा कॅन्सर फार क्वचित होतो. पण सरळ निदानाच्या शेवटी 'नाकारता येत नाही' लावलं की त्याचा कॅन्सर पाच मिनिटांत होतो, आणि तो आम्ही करतो. जिथे खरंच माहीत नसतं तिथे मी अजूनही तसंच लिहिते. जिथे माहीत असतं तिथे लिहीत नाही.

मी लाल पट्टीवर काय म्हणाले ते राहिलं. संतोष ते रंगवून सांगतो. तो तिथे नव्हता, तरी सांगतो. त्याच्या मते मी सरांना शिवी दिली. दिली नाही. मी इंग्रजीत बोलेन असं मला स्वतःला वाटलं होतं, कारण सरांशी मी इंग्रजी मिसळूनच बोलते. पण जे बाहेर आलं ते अस्सल आमच्या स्वयंपाकघरातलं होतं, आणि आवाज थेट आईचा होता. मी म्हणाले, "अहो सर, थांबा! त्या लोबला हात लावायचा नाही! कॅन्सर नाहीये, सही मी करते!"